किब्ला, नकाशा आणि पृथ्वीचा गोल

नमाजासाठी उभ्या राहणाऱ्या प्रत्येक मुसलमानाला दिवसातून पाच वेळा भूगोलाचा एक प्रश्न सोडवावा लागतो. मक्का शरीफ कोणत्या दिशेला आहे, हा तो प्रश्न होय. मिहराब पाहून आपण उभे राहतो, म्हणून हा प्रश्न आपल्याला जाणवत नाही. पण नव्या मशिदीचा पाया खणायची वेळ येते, किंवा जुन्या मशिदीची दुरुस्ती निघते, तेव्हा तो एकदम उभा राहतो. कोणी शाळेच्या भिंतीवरचा जगाचा नकाशा पाहून सांगतो की मक्का सरळ पश्चिमेला आहे. कोणी होकायंत्र आणतो. कोणी तरुण मोबाइल काढून म्हणतो की पश्चिमेपासून सहा-सात अंश उत्तरेकडे वळायला हवे. मग वडीलधारी मंडळी विचारतात, "आमच्या वाडवडिलांनी काय चुकीच्या दिशेला नमाज पढली?" येथून बोलणे वाढते, आणि ज्या जमातीने एका सफमध्ये उभे राहायचे तिच्यात दोन तट पडतात.

असे वाद गावोगाव ऐकू येतात. वास्तविक यात कोणी खोटे बोलत नसतो. भिंतीवरचा नकाशा आणि मोबाइल या दोघांची उत्तरे वेगळी का येतात, हे कळले की वादाचे कारणच उरत नाही. त्यासाठी नकाशा म्हणजे काय, गोल पृथ्वी सपाट कागदावर कशी उतरवतात, आणि या शास्त्रात पूर्वीच्या मुस्लिम विद्वानांनी काय कामगिरी केली, हे थोडक्यात पाहू. विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी त्याचा उपयोग होईलच. पालकांनीही हा लेख मुलांबरोबर बसून वाचावा, ही विनंती.

आपण कोठे आहोत?

पृथ्वीवरील कोणत्याही ठिकाणचा पत्ता दोन आकड्यांत सांगता येतो. विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला किती अंश, तो अक्षांश. इंग्लंडमधील ग्रीनिच येथून जाणाऱ्या मूळ रेषेपासून पूर्वेला किंवा पश्चिमेला किती अंश, तो रेखांश. ग्रीनिचची रेषा मूळ रेषा म्हणून १८८४ साली वॉशिंग्टन येथील परिषदेत स्वीकारली गेली.

आपले कळसाडी व शहाद्याचा परिसर सुमारे साडेएकवीस अंश उत्तर अक्षांशावर आणि साडेचौऱ्याहत्तर अंश पूर्व रेखांशावर येतो. हे आकडे केवळ पाठ करण्यासाठी नाहीत. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरते. ती रेषा अलाहाबादजवळून, म्हणजे आजच्या प्रयागराजजवळून जाते. आपण तिच्या आठ अंश पश्चिमेला आहोत. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते, म्हणून सूर्य आपल्या डोक्यावर ३२ मिनिटे उशिरा येतो. घड्याळात बारा वाजले तरी आपल्याकडे खरी दुपार साधारण साडेबाराला होते, ती याच कारणाने. ऋतुमानाप्रमाणे त्यात काही मिनिटांचा फरक पडतो. जोहरची वेळ कळसाडीत आणि नागपुरात सारखी का नसते, याचे उत्तर रेखांशात आहे.

आता एक योगायोग पाहा. मक्का शरीफचा अक्षांश २१ अंश २५ मिनिटे उत्तर आहे आणि नंदुरबार शहराचा सुमारे २१ अंश २२ मिनिटे. म्हणजे काही थोड्या किलोमीटरांचा फरक सोडला तर आपला जिल्हा आणि मक्का एकाच अक्षवृत्तावर आहेत. भिंतीवरच्या नकाशावर नंदुरबारवर पट्टी ठेवून ती आडवी धरली तर तिचे दुसरे टोक जवळजवळ मक्केवरच येते. म्हणून "सरळ पश्चिमेला" म्हणणाऱ्या माणसाला आपण बरोबर आहोत असे वाटते. मग मोबाइल सहा अंश उत्तरेकडे का वळवतो?

किब्ल्याच्या प्रश्नातून वाढलेले शास्त्र

हा प्रश्न नवा नाही. हिजरी सनाच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे इ. स. ६२४ मध्ये, किब्ला बैतुल मुकद्दसकडून काबा शरीफकडे वळला. पुढच्या शंभर वर्षांत इस्लाम स्पेनपासून सिंधपर्यंत पोहोचला. मदीनेतल्या लोकांना मक्का दक्षिणेला आहे हे माहीत होते, पण समरकंद किंवा कुर्तुबा येथे काय करायचे? आरंभीच्या काळात लोक तारे, सूर्याचे उगवते-मावळते बिंदू आणि वाटसरूंची माहिती यांवर दिशा ठरवीत. त्यामुळेच कुर्तुब्याच्या प्रसिद्ध जामा मशिदीची मिहराब आजच्या हिशेबाने बरीच दक्षिणेकडे झुकलेली आहे. पण पुढे गणित आले.

बगदादचा खलीफा अल-मामून (कारकीर्द ८१३ ते ८३३) याच्या आज्ञेवरून विद्वानांची पथके सिंजारच्या सपाट मैदानात गेली. ध्रुवताऱ्याची उंची बरोबर एक अंशाने बदलेपर्यंत ती उत्तर-दक्षिण रेषेत दोऱ्या टाकीत चालत राहिली आणि एक अंश म्हणजे किती मैल हे त्यांनी मोजले. त्याला ३६० ने गुणले की पृथ्वीचा घेर मिळतो. याच काळातील अल-ख्वारिज्मी यांनी शेकडो ठिकाणांचे अक्षांश-रेखांश देणारा ग्रंथ तयार केला आणि ग्रीक विद्वान टॉलेमी याने भूमध्य समुद्राची जी लांबी अवास्तव वाढवून दिली होती ती पुष्कळशी दुरुस्त केली. बीजगणिताला "अल्जिब्रा" हे नाव ज्यांच्या ग्रंथावरून पडले ते हेच ख्वारिज्मी.

त्यानंतरचे थोर नाव अबू रैहान अल-बिरूनी (जन्म ९७३) यांचे. झेलमच्या परिसरातील नंदना या किल्ल्यावर असताना त्यांनी जवळच्या डोंगराची उंची काढली. मग शिखरावर उभे राहून क्षितिज आडव्या रेषेपेक्षा किती खाली दिसते तो कोन मोजला. तो अवघा ३४ मिनिटे, म्हणजे अर्ध्या अंशाहून किंचित जास्त भरला. या एका कोनावरून आणि डोंगराच्या उंचीवरून त्यांनी पृथ्वीची त्रिज्या काढली, आणि ती आजच्या मापाच्या अगदी जवळ आहे. वाळवंटात मैलोगणती चालण्याचे काम त्यांनी एका शिखरावर उभे राहून केले. १०२५ साली त्यांनी शहरांचे अक्षांश-रेखांश निश्चित करण्याविषयी एक स्वतंत्र ग्रंथ पुरा केला. गझनी शहराचा किब्ला बिनचूक काढणे हा त्यातील एक प्रमुख हेतू होता. म्हणजे ज्या प्रश्नावर आपण भांडतो, त्या प्रश्नाने बिरूनींना भूगोलाचा महाग्रंथ लिहायला लावले.

या विद्येत देवाणघेवाणही होती, हे विसरू नये. प्राचीन भारतीय ज्योतिषी आपली मूळ रेखा उज्जैनवरून धरीत. अरबांनी ती घेतली आणि उज्जैनचे नाव त्यांच्या ग्रंथांत "अरीन" असे झाले. उज्जैन आपल्यापासून पूर्वेला दीड अंशाच्या आतच आहे. एके काळी अर्ध्या जगाचे रेखांश जेथून मोजले जात ती रेषा आपल्या शेजारून गेली होती असे म्हणायला हरकत नाही. आपल्या खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण येथे गणिती भास्कराचार्यांच्या नातवाने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख प्रसिद्ध आहे. पृथ्वी गोल असूनही सपाट का दिसते याचे कारण भास्कराचार्यांनी १२ व्या शतकातच दिले होते. एवढ्या मोठ्या गोलाचा अगदी लहान तुकडा आपल्या नजरेत येतो, म्हणून तो सपाट भासतो. त्यांच्या "लीलावती"चे फारसी भाषांतर अकबराच्या दरबारातील कवी फैजी यांनी १५८७ मध्ये केले. विद्येला जातपात नसते, याचा याहून चांगला दाखला कोणता?

नकाशा काढण्याच्या कलेत अल-इद्रीसी यांचे नाव अग्रभागी आहे. सिसिलीचा ख्रिस्ती राजा दुसरा रॉजर याच्या आश्रयाने त्यांनी ११५४ मध्ये जगाचा मोठा नकाशा आणि त्याचे वर्णन तयार केले. त्या नकाशात दक्षिण दिशा वर आहे. आजच्या मुलांना तो उलटा वाटतो. पण पृथ्वीला वर-खाली नाही. उत्तर वर काढायची हा केवळ एक संकेत आहे, आणि नकाशा वाचताना दिशाबाण प्रथम पाहायचा तो याचसाठी.

गोल पृथ्वी, सपाट कागद

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एक मोसंबे घ्या, त्याची साल अखंड काढा आणि टेबलावर दाबून सपाट करा. ती फाटेल, नाही तर कोठे तरी ताणली जाईल. गोलाचा पृष्ठभाग न ताणता आणि न फाडता सपाट करता येत नाही, हे जर्मन गणिती गाऊस याने १८२७ मध्ये सिद्ध करून दाखवले. म्हणून जगाचा प्रत्येक सपाट नकाशा काही ना काही बाबतीत खोटा असतो. नकाशाकाराला एवढेच ठरवता येते की कोणता खोटेपणा चालवून घ्यायचा. क्षेत्रफळ खरे राखायचे, की कोन व दिशा राखायच्या, की एखाद्या ठिकाणापासूनची अंतरे राखायची? सर्व गोष्टी एकदम साधत नाहीत. गोलावरची अक्षवृत्ते व रेखावृत्ते ठराविक नियमाने कागदावर उतरवण्याच्या पद्धतीला नकाशा-प्रक्षेपण म्हणतात.

मुख्य प्रक्षेपणे तीन प्रकारची. पृथ्वीच्या गोलाभोवती कागदाची नळी गुंडाळली असे समजून काढलेले ते दंडगोल प्रक्षेपण. गोलावर कागदाची टोपी ठेवली असे समजून काढलेले ते शंकू प्रक्षेपण. आणि गोलाला एका बिंदूवर सपाट कागद टेकवला असे समजून काढलेले ते खमध्य प्रक्षेपण. पहिले विषुववृत्ताजवळच्या प्रदेशाला, दुसरे मधल्या अक्षांशांना आणि तिसरे ध्रुवांना सोयीचे पडते.

आपल्या ओळखीचा जगाचा नकाशा बहुधा मर्केटर याच्या दंडगोल प्रक्षेपणावर असतो. त्याने तो १५६९ मध्ये खलाशांसाठी काढला. त्यात होकायंत्राचा एकच कोन धरून जाणारी वाट सरळ रेषेत दिसते, हा त्याचा मोठा गुण. पण ध्रुवांकडे जावे तसा प्रदेश फुगत जातो. ६० अंश अक्षांशावर लांबी आणि रुंदी दोन्ही दुप्पट होतात, म्हणजे क्षेत्रफळ चौपट दिसते. त्यामुळे ग्रीनलँड जवळजवळ आफ्रिकेएवढे वाटते. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलँडच्या १४ पट आहे. आपला भारत सुमारे ३२.८७ लाख चौरस किलोमीटर आणि ग्रीनलँड सुमारे २१.६६ लाख. म्हणजे भारत ग्रीनलँडच्या दीडपट असूनही नकाशात लहान दिसतो. १९७३ मध्ये अर्नो पीटर्स याने क्षेत्रफळ खरे राखणारा नकाशा पुढे आणला आणि आफ्रिका, भारत यांना लहान दाखवणाऱ्या नकाशांवर टीका केली, तेव्हा जगभर चर्चा झाली. त्याच्या नकाशात मात्र देशांचे आकार ओढल्यासारखे लांबट दिसतात. एक दोष घालवावा तर दुसरा येतो, तो असा.

सरळ रेषा खरोखर सरळ असते काय?

किब्ल्याची दिशा म्हणजे येथून मक्केपर्यंतच्या सर्वांत जवळच्या वाटेची दिशा, असा अर्थ बिरूनींसारख्या गणितींनी घेतला. गोलावरची सर्वांत जवळची वाट ही बृहद्वृत्ताची वाट असते. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या पातळीने गोलाचे दोन समान भाग केले की जी रेषा मिळते ते बृहद्वृत्त. विषुववृत्त हे बृहद्वृत्त आहे, पण आपले साडेएकवीस अंशाचे अक्षवृत्त नाही.

हे पटत नसेल तर उत्तर ध्रुवाजवळ दोन माणसे उभी आहेत अशी कल्पना करा. दोघेही ८९ अंशांवर, पण ध्रुवाच्या समोरासमोरच्या बाजूंना. एकाच अक्षवृत्तावर चालायचे म्हटले तर त्यांना वाटोळी फेरी मारावी लागेल. जवळची वाट मात्र सरळ ध्रुवावरून जाते. म्हणजे ते एकाच अक्षवृत्तावर असूनही एकमेकांच्या पूर्वेला-पश्चिमेला नाहीत. पहिल्याने दुसऱ्याकडे तोंड करायचे तर उत्तरेकडे पाहावे लागेल! आपण ध्रुवापासून पुष्कळ दूर आहोत, म्हणून आपल्याकडे हा परिणाम थोडा होतो, पण होतो.

गणित केले तर कळसाडी परिसरातून मक्केची दिशा पश्चिमेपासून उत्तरेकडे सुमारे सव्वासहा अंश येते. ही वाट सौराष्ट्रावरून अरबी समुद्रात शिरते, मध्ये आपल्या अक्षवृत्ताच्या जवळजवळ एक अंश उत्तरेला जाते आणि ओमानच्या किनाऱ्यावरून पुन्हा खाली मक्केकडे उतरते. तिची लांबी साधारण ३,५८० किलोमीटर. सरळ पश्चिमेला, अक्षवृत्त धरून गेलो तर काही किलोमीटर जास्त चालावे लागेल. शाळेतल्या पृथ्वीगोलावर नंदुरबार ते मक्का दोरा ताणून धरला तर तो अक्षवृत्तापासून किंचित वर उचललेला दिसतो. न्यूयॉर्क ते मक्का दोरा ताणा, म्हणजे ही गोष्ट ठळक दिसेल. सपाट नकाशात न्यूयॉर्कहून मक्का आग्नेयेकडे वाटते, पण दोरा ईशान्येकडे निघतो. अमेरिकेतल्या मुसलमानांत यावरून मोठा वाद झाला होता.

१९०९ साली इजिप्तच्या सर्वेक्षण खात्यातील जेम्स क्रेग या अधिकाऱ्याने खास याच कामासाठी एक प्रक्षेपण तयार केले. त्यात कोणत्याही ठिकाणाहून मक्केपर्यंत पट्टीने सरळ रेषा काढली की किब्ल्याची खरी दिशा मिळते. देशांचे आकार त्यात विचित्र होतात, पण ज्या कामासाठी नकाशा काढला ते काम तो चोख करतो. त्याच्या कितीतरी आधी, सफवी काळातील इराणात, मक्का मध्यभागी ठेवून कोरलेले पितळी गोल नकाशे होते. त्यांच्यावरून किब्ल्याची दिशा आणि मक्केचे अंतर दोन्ही कळत. असे नकाशे १९८९ नंतर जगाच्या नजरेस आले, आणि विद्वानांनी त्यांमागील गणित पाहून आश्चर्य व्यक्त केले.

मग जुन्या मशिदीचे काय? उलेमांचा निर्वाळा असा आहे की दूरच्या माणसाने किब्ल्याच्या बाजूला तोंड करणे पुरेसे आहे. थोड्या अंशांच्या फरकाने नमाज बिघडत नाही. म्हणजे वाडवडिलांची नमाज चुकली, असे म्हणण्याचे काहीच कारण नाही. आणि मोबाइल दाखवतो ती दिशाही खोटी नाही. नवी मशीद बांधताना पाया खणण्यापूर्वीच दिशा काढून घ्यावी, हे मात्र शहाणपणाचे. कारण एकदा भिंत उभी राहिली की ३० फुटांच्या सफमध्ये सहा अंशांसाठी एक टोक तीन फुटांहून अधिक पुढे-मागे सरकवावे लागते.

आपल्या देशाची मोजणी

नकाशा घरात बसून निघत नाही, त्यासाठी जमीन मोजावी लागते. भारतात ही मोजणी कशी झाली याचा इतिहास मोठा रोमांचकारी आहे. १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्बटन याने मद्रासजवळ साडेसात मैलांची पायारेषा साखळीने मोजायला सुरुवात केली. या एका रेषेच्या दोन टोकांवरून तिसऱ्या ठिकाणचे कोन घ्यायचे आणि गणिताने बाकीच्या बाजू काढायच्या. मग त्या त्रिकोणावर दुसरा, त्यावर तिसरा, असे त्रिकोण जोडत कन्याकुमारीकडून हिमालयापर्यंत जायचे, अशी ही पद्धत. कोन मोजण्याचे थिओडोलाइट यंत्र सुमारे अर्ध्या टनाचे होते आणि ते मजुरांनी खांद्यावरून डोंगरावर चढवले. लॅम्बटन हे काम करता करता १८२३ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारला. त्याची कबर तेथे आहे.

त्याचे काम जॉर्ज एव्हरेस्ट याने पुढे नेले. बिघडलेली विलायती यंत्रे येथे दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न होता. तो सोडवला अर्काटचे कारागीर सय्यद मीर मोहसिन हुसेन यांनी. त्यांना इंग्रजी शिक्षण नव्हते, पण हातात कसब होते. एव्हरेस्टने त्यांची मनापासून तारीफ केली आणि पुढे सर्वेक्षण खात्याच्या यंत्रकाराची जागा त्यांना मिळाली. त्याच खात्यातील बंगाली गणिती राधानाथ सिकदार यांनी हिमालयातील "पंधरावे शिखर" सर्वांत उंच असल्याचे गणित मांडले. १८५६ मध्ये त्याची उंची २९,००२ फूट जाहीर झाली, आणि त्या शिखराला आज आपण एव्हरेस्ट म्हणतो. शाळेच्या पुस्तकात एव्हरेस्टचे नाव येते, मोहसिन हुसेन यांचे येत नाही. आपल्या मुलांना ते नाव ठाऊक असावे.

गावपातळीवरची मोजणी वेगळी. ३३ फुटांची शंकुसाखळी, तिचे १६ आणे. साखळीभर लांब व साखळीभर रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. टिपण, फाळणी आणि गावनकाशा ही कागदपत्रे यातूनच तयार झाली. आपल्यापैकी कितीतरी शेतकरी सातबारा जपून ठेवतात, पण गावनकाशावर आपला गट कोठे आहे हे त्यांना दाखवता येत नाही. मग बांधाच्या भांडणात दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. दहावीतल्या मुलाला प्रमाण, दिशा व खुणा वाचता आल्या तर तो बापाला हा नकाशा समजावून देऊ शकेल.

नकाशात आपली भूमी

भारतीय सर्वेक्षण खात्याच्या स्थलनिर्देशक नकाशांत आपला भाग "४६ के" या क्रमांकाखाली येतो. त्याचे १६ भाग पाडलेले आहेत. त्यांवर दोन सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. निळ्या रेषा पाण्याच्या, हिरवा रंग जंगलाचा, पिवळा शेतीचा, लाल रस्त्यांचा व वस्त्यांचा आणि तपकिरी रेषा उंचीच्या. या तपकिरी रेषांना समोच्चतादर्शक रेषा म्हणतात. समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीची ठिकाणे जोडून त्या काढतात. रेषा दाट असतील तेथे चढ उभा, विरळ असतील तेथे जमीन सपाट.

नमाजाला उभे राहिल्यावर आपल्या उजव्या हाताला सातपुडा आणि डाव्या हाताला तापी असते. सातपुडा नर्मदा व तापी यांच्या खचदऱ्यांमध्ये उभा राहिलेला उंच ठोकळा आहे. या दोन्ही नद्या देशातील बहुतेक मोठ्या नद्यांच्या उलट पश्चिमेला वाहतात, त्याचे कारण या खचलेल्या दऱ्याच होत. तापी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावून ७२४ किलोमीटरवर सुरतेपलीकडे समुद्राला मिळते. तिच्या गाळाने आपली सुपीक मैदाने बनली. याच खोऱ्यातून सुरत-बुऱ्हाणपूर हा मोगल काळातील मोठा व्यापारी रस्ता नंदुरबारवरून जात असे. डोंगर जेथे वाट देतो तेथून रस्ता जातो, आणि रस्ता जातो तेथे शहर वसते. इतिहास असा भूगोलावर उभा असतो.

आपल्या पायाखालचा काळा खडक बेसॉल्ट होय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा थरावर थर पसरला आणि दख्खनचे पठार बनले. भेगांतच थिजलेला लाव्हा आजूबाजूचा खडक झिजल्यावर भिंतीसारखा उभा राहिला. नंदुरबार-धुळे भागात अशा दोनशेहून अधिक भिंती भूशास्त्रज्ञांनी नोंदवल्या आहेत आणि जगभरचे अभ्यासक त्यांचा अभ्यास करतात. सातपुड्यात तोरणमाळचे पठार आहे, आणि अस्तंभ्याचा डोंगर सुमारे १,३२५ मीटर उंच आहे.

समोच्च रेषा म्हणजे पुस्तकातला कोरडा धडा असे कोणाला वाटत असेल, तर त्याने अक्राणी-अक्कलकुव्याच्या लोकांना विचारावे. सरदार सरोवराची पूर्ण पाणीपातळी १३८.६८ मीटर ठरली. त्या उंचीच्या रेषेच्या आत घर की बाहेर, यावर माणसाचे बुडित आणि पुनर्वसन ठरले. महाराष्ट्रातील ३३ गावे त्यात सापडली आणि ती सारी आपल्या जिल्ह्यातली. ज्यांच्या जमिनीवरून ती रेषा गेली त्यांतल्या बहुतेकांना तो नकाशा वाचता येत नव्हता. नकाशा वाचता न येणे किती महाग पडते हे याहून स्पष्ट कसे सांगावे?

काठी आणि सावली

शेवटी एक प्रयोग सांगतो. त्याला होकायंत्र नको आणि मोबाइलही नको. होकायंत्राची सुई आपल्या भागात खऱ्या उत्तरेपासून एक अंशाहूनही कमी ढळते, पण जवळ लोखंडी सळ्या किंवा ध्वनिवर्धक असेल तर ती बिनधोक फसवते. सूर्य फसवत नाही.

दरवर्षी २७ किंवा २८ मे आणि १५ किंवा १६ जुलै या दिवशी सूर्य मक्केच्या बरोबर डोक्यावर येतो. मे महिन्यात आपल्या घड्याळाप्रमाणे दुपारी २ वाजून ४८ मिनिटे आणि जुलैत २ वाजून ५७ मिनिटे ही ती वेळ. त्या क्षणी सपाट अंगणात ओळंब्याने सरळ उभ्या केलेल्या काठीची सावली पाहावी. सावलीच्या टोकाकडून काठीच्या बुंध्याकडे जी दिशा जाते तीच किब्ल्याची दिशा. एक मीटरच्या काठीची सावली सुमारे ६३ सेंटीमीटर पडेल. दिवस एखादा मागेपुढे झाला तरी चालते. जुलैत आपल्याकडे आभाळ भरलेले असते, म्हणून मे महिनाच बरा. आणि अक्षांश सारखा असल्यामुळे त्याच दिवसांच्या सुमारास, मे महिन्यात दुपारी साडेबाराच्या जरा आधी, सूर्य आपल्याही डोक्यावर येतो व काठीची सावली नाहीशी होते. मक्केवर आणि आपल्यावर सूर्य एकाच दिवशी माथ्यावर येतो. मध्ये अंतर असते ते फक्त दोन तास १९ मिनिटांचे.

विद्यार्थिमित्रांनो, मे महिन्याच्या सुट्टीत हा प्रयोग मशिदीच्या अंगणात करा. वडीलधाऱ्यांना आणि पेशइमाम साहेबांना बोलवा. बहिणींनाही सावली मोजू द्या, त्यांचे गणित बरेचदा अधिक काटेकोर असते. पश्चिमेची रेषा आणि सावलीची रेषा जमिनीवर खडूने काढा आणि मधला कोन कोनमापकाने मोजा. सहा अंशांच्या आसपास उत्तर आले तर समजा की बिरूनींचे गणित तुम्ही कळसाडीच्या मातीवर पुन्हा केले.

पालकांना एवढेच सांगावेसे वाटते की भूगोल हा कमी गुणांचा, पाठांतराचा विषय समजून मुलांना त्यापासून दूर ठेवू नका. ज्यांनी पृथ्वी मोजली त्यांनी ती इबादतीच्या गरजेतून मोजली. तो वारसा आपला आहे असे नुसते म्हणून भागत नाही, तो दर पिढीला नव्याने शिकावा लागतो. ज्या घरातील मूल नकाशा वाचू शकते त्या घराला बांधाच्या भांडणात कोणी फसवत नाही, आणि त्या जमातीत मिहराबीवरून तट पडत नाहीत. अल्लाहतआला आपल्या मुलांच्या इल्ममध्ये बरकत देवो. आमीन.